मुक्काम कुणाच्या अंगणात?

माझी नोकरी आधी पिंपरीत आणि मग चाकणच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये गेली. कामाखेरीज आणखी एक जबाबदारी कुणी न देताच माझ्याकडे आली होती. ती म्हणजे खात्यातल्या मंडळींच्या सहली ठरवण्याची. त्यामुळे ‘मुक्कामाची जागा कशी निवडायची’ हा प्रश्न मी पुष्कळ वेळा सोडवला आणि निदान एकदा तरी साफ चुकवला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात झाली ती कॅन्टीनमध्ये. कंपनीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलेल्या एका मित्राने जेवणाच्या टेबलावर गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका टाकली. शिकारीच्या तळाची जाहिरात होती ती. तंबू, शेकोटी, मऊ गाद्या आणि शेवटच्या पानावर दरपत्रक. कुडू हरणाला इतके डॉलर, झेब्र्याला इतके, रानरेड्याला इतके. आमच्या स्टोअरमधल्या सुट्या भागांच्या यादीसारखी यादी! आम्ही सगळे एकदम गप्प झालो. मग कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, हे चालतं तिथे?’’

चालतं, पण सगळीकडे नाही. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. बोट्स्वानाने 2014 मध्ये बंदी घातली आणि 2019 मध्ये उठवली. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या भागाची ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापन करण्याचा अधिकार मिळाला. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली आणि तिथल्या लोकांनी किंवा जमीनमालकांनी सांभाळलेली जमीन. तिचं उत्पन्न कुठे पर्यटकांच्या कॅमेऱ्यातून येतं, तर कुठे शिकाऱ्याच्या बंदुकीतून.

मला शिकारीचं आकर्षण नाही. पण जाणता शिकारी तळ निवडताना काय विचारतो, ते ऐकून मी चकित झालो. जमीन किती मोठी आहे? तिला कुंपण आहे की जनावर मोकळं फिरतं? यंदा किती जनावरं मारायची, हे कोण ठरवतं? बरोबर येणारा व्यावसायिक शिकारी परवानाधारक आहे का? मांस कुठे जातं? गावाला काय मिळतं? गादी किती मऊ आहे, हा प्रश्न शेवटचा. दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेला सिंह बंदुकीपुढे आणून उभा करणारेही आहेत. त्यांच्यापासून दूर राहायचं तर हे प्रश्न विचारावेच लागतात.

आपल्याकडेही एक काळ असा होता. जंगलाचे ‘ब्लॉक’ शिकारीसाठी परवान्यावर मिळत. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याची हमी घेणाऱ्या कंपन्या मध्य भारतात होत्या. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. 1972 च्या मोजणीत देशात सुमारे 1,800 वाघ भरले होते. 2022 च्या गणनेचा अंदाज 3,682 आहे आणि त्यातले 444 महाराष्ट्रातले. मोजण्याची पद्धत मधल्या काळात पार बदलली, म्हणून या आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण वाघ वाचला, हे खरं.

बंदूक गेली, कॅमेरा आला. प्रश्न मात्र तेच राहिले, आणि ते विचारायचे असतात हेच मला ठाऊक नव्हतं.

2014 च्या एप्रिलमध्ये आम्ही बाराजण ताडोब्याला गेलो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर आणि पुढे रस्त्याने. मुक्कामाची जागा मी पुस्तिकेतले फोटो बघून ठरवली होती. पोहण्याचा तलाव, वातानुकूलित खोल्या आणि ‘प्रवेशद्वारापासून हाकेच्या अंतरावर’ हे शब्द! आमची सफारी ज्या दाराची होती, ते दार तिथून चांगलं दीड तासावर निघालं. पहाटे तीनला उठून, पेंगणारी पोरं मांडीवर घेऊन आम्ही निघालो.

जंगलात दीड तासाने वाघीण दिसली. बांबूच्या आड बसलेली, मागे दोन पिलं. आमच्यातल्या एकाने खिशातून पाचशेची नोट काढली आणि गाइडपुढे धरून म्हणाला, ‘‘गाडी जरा खाली उतरव ना!’’ गाइड तिथल्याच गावचा, पंचविशीचा पोरगा. तो हात जोडून म्हणाला, ‘‘साहेब, नोट तुमची हाये, पन पोट माह्यं हाये ना जी.’’

गाडी रस्ता सोडून उतरवली, तर त्याचं काम बंद होणार होतं. शिवाय पिलांच्या आईला कोंडीत धरलं तर काय होतं, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. परतताना तो सहज बोलून गेला, की दोन वर्षांपूर्वी त्याची काकू मोहाची फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. मी विचारलं, ‘‘तरी तू हे काम करतोस?’’ तो म्हणाला, ‘‘वाघ हाये म्हनून तुमी येता. तुमी येता म्हनून चूल पेटते.’’ आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी तुझ्या गावचे किती जण आहेत, असं विचारल्यावर त्याने दोन बोटं दाखवली. झाडलोट करणाऱ्या दोन बायका. बाकी सगळा नोकरवर्ग बाहेरचा. भाजीसुद्धा शहरातून येत होती.

म्हणजे आमच्या पैशातला मोठा हिस्सा जंगलाला वळसा घालून परत शहरात जात होता. वाघाचा धोका मात्र त्या गावाकडेच राहत होता. नोट काढणारा मित्र चुकला, हे सगळ्यांना दिसलं. त्याहून मोठी चूक माझी होती. मी गादी बघितली होती, गाव बघितलं नव्हतं.

तीन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा तयारी केली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आधी दार ठरवा, मग खोली. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प सुमारे 1,700 चौरस किलोमीटरचा आहे. त्यातला 625 चौरस किलोमीटर गाभा आणि बाकीचा बफर, म्हणजे गावं आणि शेती असलेला भोवतालचा पट्टा. दक्षिणेला मोहर्लीचं दार, चंद्रपूरपासून सुमारे 30 किलोमीटर. उत्तरेकडचं कोलाऱ्याचं दार नागपूरकरांना सोयीचं. एका दाराची सफारी आणि दुसऱ्या टोकाला मुक्काम केला, तर आमच्यासारखी गत होते.

सफारीचं आरक्षण आणि खोलीचं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सफारी वनखात्याच्या अधिकृत यंत्रणेवर, ओळखपत्राच्या नावाने घ्यावी. ‘खोली घ्या, सफारीचं बघून घेऊ’ म्हणणाऱ्यावर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद असतो.

बफरला कमी लेखू नका. आगरझरी, जुनोना या बाजूंनाही सफारी होते. तिथली गावं पर्यटनात उतरली, की गाभ्यावरचा भार तेवढाच हलका होतो.

आणि फोनवर स्पष्ट विचारा: तुमच्याकडे गावातली माणसं किती? ती कोणत्या कामावर? स्वयंपाक कोण करतं? सांडपाणी कुठे सोडता? रात्री दिवे आणि गाणी किती वाजता बंद होतात? जो या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये. ‘वाघ नक्की दाखवू’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. ती हमी खरी करायची, तर कुणाला तरी गाडी रस्त्याखाली उतरवावी लागते.

दुसऱ्या खेपेला आम्ही गावातल्याच एका कुटुंबाकडे उतरलो. पोहायचा तलाव नव्हता. अंगणात बाज, तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी. वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांची टोळी दिसली आणि एक अस्वल पाठ फिरवून निघून गेलं. बिलाचे पैसे घरच्या बाईच्या हातात दिले, तेव्हा तिने ते मोजले आणि मुलीला हाक मारून म्हणाली, ‘‘वह्या आन जा आता.’’

कुणी म्हणेल, पिंपरी-चिंचवडहून इतक्या लांब जाणं दरवेळी कुठे जमतं? मग इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला जा, नाहीतर बारामतीजवळच्या शिर्सुफळला. वनखात्याने तिथे माळरानाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा. तिथेही गाइड गावचाच हवा, एवढं बघा. आणि जंगल आपल्यापासून लांब आहे, असंही समजू नका. 2022 मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला होता आणि सगळं काम थांबवून कामगारांना बाहेर काढावं लागलं होतं. त्या एका सकाळी आम्हाला जे वाटलं, ते ताडोब्याच्या काठावरच्या गावांना रोज संध्याकाळी वाटतं. त्या भीतीसह ती माणसं वाघाला जागा देतात.

म्हणून पुढची सहल ठरवाल, तेव्हा पुस्तिकेतला तलाव बघण्याआधी एवढंच विचारा: आपण दिलेल्या पैशातून वाघाच्या शेजाऱ्याची चूल पेटणार आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)