अंगणातील भुईचाफा

फाल्गुन सरता सरता बागेतील बहुतेक कंदवर्गीय वनस्पती निद्रिस्त असतात. अशा वेळी, एकही पान नसताना, भुईचाफ्याची फुले थेट मातीतून वर येतात. शुभ्र पाकळ्या, मधोमध दुभंगलेला जांभळा ओठ आणि सुगंध असा की तो घेण्यासाठी जमिनीशी वाकावेच लागते. एकेक फूल अल्पायुषी. परंतु एकामागून एक उमलत राहतात. पाने त्यानंतर येतात, वरून नक्षीदार हिरवी व खालून जांभळट.

नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी याचे नाते नाही. ही आर्द्रककुलातील बहुवर्षायू वनस्पती, केम्फेरिया रोटुंडा. प्रजातीचे नाव एंगेलबर्ट केम्फर (१६५१–१७१६) या जर्मन चिकित्सकावरून आले आहे. वैद्याच्या अंगणात ती शोभते ती अशीही!

तथापि प्रश्न केवळ शोभेचा नाही. व्रण व शोथ यांवर याच्या कंदाचा लेप परंपरेने वापरला जातो. शटी म्हणजे हेडिचियम स्पायकेटम आणि कर्चूर म्हणजे कर्क्युमा झेडोअरिया, असे भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने निश्चित केले आहे. भुईचाफा या दोहोंहून भिन्न होय. मात्र या कुलातील कंदांच्या वाळलेल्या चकत्या समोर आल्या की केवळ नजरेने निर्णय देणे भल्याभल्यांना कठीण जाते. त्यातच याचे फूल व पूर्ण वाढलेले पान सहसा एकत्र दिसत नाही. पावसाळ्यात पाने पाहणारा त्यास हळदीचा भाऊबंद समजतो, तर उन्हाळ्यात फूल पाहणाऱ्यास पान ठाऊक नसते. वर्षभर एकाच कुंडीवर लक्ष ठेवणाऱ्यासच संपूर्ण ओळख पटते.

लागवड सुलभ आहे. माघाच्या सुमारास डोळा असलेला कंदाचा तुकडा पसरट कुंडीत, दोन बोटे खोल लावावा. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खताची, जागा अर्धसावलीची. पाने पिवळी पडू लागताच पाणी तोडावे. सुप्तावस्थेतील ओलीनेच कंद कुजतात. रिकामी दिसणारी ही कुंडी माळी हमखास उपसून टाकतो, म्हणून तीत नावाची पाटी रोवावी.

दोन-तीन वर्षांनी कंद विभागावे लागतात. त्या वेळी औषधालयाच्या चालकांनी थोड्या चकत्या सावलीत वाळवून, नाव व दिनांक लिहून, काचेच्या बरणीत ठेवाव्यात. नवा माल आला की पोत्यातील चकत्यांशेजारी ही बरणी ठेवून पाहावी, आणि शंका उरल्यास तो माल सूक्ष्मदर्शकीय परीक्षणास पाठवावा.