कमी क्षमतेचे ग्लायडर व न्याय्य स्पर्धावर्ग

कुस्तीच्या आखाड्यात जोड लावताना दोन्ही मल्लांचे वजन पाहिले जाते. बलाबल अगदीच विषम असेल, तर जिंकणाऱ्याचे कौशल्य सिद्ध होत नाही. इंजिनावाचून उडणाऱ्या विमानांच्या, म्हणजेच ग्लायडरांच्या, शर्यतीतही हाच प्रश्न उद्भवतो. मात्र येथे वैमानिकांबरोबर यंत्रांचीही जोड जुळवावी लागते.

उन्हाने तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढते. तीत घिरट्या घालून ग्लायडर उंची मिळवते व ती उंची खर्चून पुढील ऊर्ध्वप्रवाहाकडे जाते. एक मीटर उंचीच्या मोबदल्यात जुने लाकडी ग्लायडर २० ते ३० मीटर अंतर कापते. लांब पंखांचे आधुनिक ग्लायडर ५० मीटरांहूनही अधिक कापते. पुण्याजवळ हडपसर येथे १९५० मध्ये ग्लायडिंग केंद्र स्थापन झाले. पुढे भारतातच ‘रोहिणी’ हे दोन आसनांचे शिकाऊ ग्लायडर आणि ‘कार्तिक’ हे १५ मीटर पंखविस्ताराचे एकासनी ग्लायडर तयार झाले. अशा साध्या ग्लायडरांना महागड्या ग्लायडरांच्या पंक्तीस बसविले, तर निकाल उड्डाणापूर्वीच ठरल्यासारखा होतो.

यावर तीन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय मापांच्या मर्यादेचा. १९५८ मध्ये पोलंडमधील लेश्नो येथील जागतिक स्पर्धेत ‘स्टँडर्ड’ वर्ग प्रथम आला. पंखविस्तार १५ मीटर, पंखांना फ्लॅप नाहीत व रचना साधी, असा त्याचा दंडक होता. पुढे आत ओढून घेता येणारे चाक व पाण्याचा भार यांस मुभा मिळाली आणि ग्लायडरांची किंमत चढत गेली. दुसरा उपाय म्हणजे सर्वांना एकाच बनावटीचे ग्लायडर देणे. त्यासाठी पोलंडचे ‘पीडब्ल्यू-५’ निवडले गेले व १९९७ मध्ये तुर्कस्तानात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. येथे न्याय पूर्ण होता; परंतु जवळ दुसरे ग्लायडर असलेल्यास वर्गात प्रवेशच नव्हता. हा वर्ग पुढे टिकला नाही.

तिसरा उपाय क्षमतांकाचा. प्रत्येक बनावटीस तिच्या क्षमतेनुसार एक अंक देतात व वैमानिकाने साधलेल्या वेगास त्या अंकाने भागतात. समजा, ‘अ’ ग्लायडरचा अंक १ व ‘ब’ चा ०.८ आहे. वारा नसताना अनुक्रमे ताशी ९० व ७२ किलोमीटर वेग साधला, तर ७२ भागिले ०.८ म्हणजे ९०. दोघे बरोबरीत येतात. आता समोरून ताशी ३० किलोमीटर वारा वाहू लागला. जमिनीवरून मोजलेले वेग ६० व ४२ होतात. ४२ ला ०.८ ने भागल्यास ५२.५ येतात. दोन्ही वैमानिकांनी सारखेच कौशल्य दाखवूनही ‘ब’ मागे पडतो. जाऊन परत येण्याच्या मार्गावरही ही हानी पुरती भरून निघत नाही. कारण संथ ग्लायडर प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ अडकते. शिवाय सायंकाळी ऊर्ध्वप्रवाह मंदावले, म्हणजे मागे राहिलेल्यास वाटेतच एखाद्या शेतात उतरावे लागते.

यावरून असे दिसते की क्षमतांक हा लहान फरक मिटवितो, मोठा मिटवू शकत नाही. म्हणून वर्गाची व्याख्या करताना प्रथम क्षमतेचा पट्टा अरुंद ठेवावा व मगच अंक लावावा. ‘क्लब’ वर्ग याच तत्त्वावर उभा आहे: ठरावीक पट्ट्यातील जुनी ग्लायडरे, पाण्याच्या भारास बंदी आणि क्षमतांकानुसार गुण. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात गॉलर येथे झाली. याखेरीज, वर्गातील सर्वांत संथ ग्लायडरही दिवस मावळण्यापूर्वी पुरा करू शकेल, एवढाच मार्ग आखणे इष्ट होय.

हा प्रश्न केवळ गुणांच्या हिशेबाचा नाही. न्याय्य वर्ग नसेल, तर जुन्या ग्लायडरवर शिकलेला तरुण स्पर्धेकडे पाठ फिरवील आणि आकाश धनवंतांपुरते उरेल. वर्ग नीट आखला, तर मात्र ढगांची व वाऱ्याची पारख ज्यास अधिक, त्याच्याच पदरी यश पडेल.