अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय? ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घ्यायची, बंद करण्याआधी समजून घ्या

सकाळची वेळ. सरावलीतल्या मेडिकलच्या काउंटरवर फर्स्ट शिफ्टला निघालेल्यांची घाई असते. कुणाला डोकेदुखीची गोळी हवी, कुणाला बँडेज, आणि कुणाला 'पॅन्टोची एक पट्टी'. चिठ्ठी कुणी दाखवत नाही, कुणी मागतही नाही. बोईसर-तारापूर पट्ट्यात ॲसिडिटीची गोळी अशी चहाइतकी सवयीची झाली आहे.

पण याच रांगेत असा एखादा माणूस असू शकतो, ज्याचं अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं आहे. त्याला ही गोळी मोठ्या रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेली असते. नंतर वर्षं सरतात, फॉलो-अप चुकतो, पट्टी मात्र चालू राहते. मग एक दिवस मोबाइलवर मेसेज येतो, 'ही गोळी किडनी खराब करते'. आणि तो माणूस गोळी परस्पर बंद करून टाकतो.

आयुष्यभर न विचारता गोळी घेत राहणं आणि एका मेसेजवरून ती बंद करणं, दोन्ही चुकीचं. कारण या प्रश्नाचं उत्तर गोळीपेक्षा तुमचं ऑपरेशन कोणतं झालं होतं, यावर जास्त अवलंबून असतं.

गोळी नेमकं काय करते?

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं. त्यांना 'प्रोटॉन पंप इनहिबिटर' किंवा थोडक्यात पीपीआय म्हणतात. यातलं पहिलं औषध, ओमेप्राझोल, १९८८ मध्ये बाजारात आलं.

जठराच्या आतल्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म 'पंप' असतात. ही गोळी ते पंप बंद पाडते. पण गंमत अशी, की पंप चालू असतानाच ती त्यांना पकडू शकते, आणि पंप चालू होतात ते जेवणामुळे. म्हणून गोळी जेवणाच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची असते. जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेतली, तर बराचसा परिणाम वाया जातो. पूर्ण परिणाम दिसायलाही तीन ते पाच दिवस लागतात.

एमआयडीसीत शिफ्ट बदलत राहते, तेव्हा 'रोज सकाळी सातला' हा नियम कामाचा नाही. घड्याळाकडे न बघता जेवणाकडे बघा. नाइट शिफ्ट करून दुपारी उठत असाल, तर उठल्यानंतरच्या मुख्य जेवणाआधी गोळी घ्या.

ऑपरेशननंतरही ॲसिडिटी का होते?

कारखान्यात काम करणाऱ्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी एका दिशेने जातं, उलट येत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर शरीराचा असाच एक व्हॉल्व्ह असतो. अन्न खाली जाऊ देतो, आम्ल वर येऊ देत नाही. अन्ननलिकेवरची बहुतेक ऑपरेशन्स या व्हॉल्व्हच्या आसपासच होतात. कधी तो काढावा लागतो, कधी सैल करावा लागतो, तर कधी घट्ट करावा लागतो. गोळीचं गणित इथेच बदलतं.

१. कर्करोगामुळे अन्ननलिका काढली असेल तर

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा मोठा भाग काढतात. उरलेल्या जागी बहुतेक वेळा जठराचीच नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढून जोडतात. व्हॉल्व्ह त्यातच निघून जातो. म्हणजे आम्ल वर येण्याला अडवणारं काही उरत नाही. ऑपरेशनमध्ये काही नसा कापल्या जात असल्यामुळे सुरुवातीला जठरात आम्ल कमी बनतं, पण पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा वाढू शकतं. म्हणून 'मला आता त्रास नाही' एवढ्यावर गोळी बंद करता येत नाही.

आणखी एक कारण म्हणजे जोडाची जागा. सतत आम्ल लागून ती आकसली, की घास अडकायला लागतो. मग एंडोस्कोपी करून ती जागा फुग्याने रुंद करावी लागते. ऑपरेशननंतर पीपीआय घेणाऱ्यांमध्ये असं आकसण्याचं प्रमाण कमी राहतं, हे स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं होतं. अशा रुग्णांना डॉक्टर गोळी दीर्घकाळ चालू ठेवतात, ते यासाठी.

२. घास खाली उतरत नाही म्हणून ऑपरेशन झालं असेल तर

या आजाराला ॲकॅलेशिया म्हणतात. यात व्हॉल्व्ह उघडतच नाही. उपाय म्हणून त्याचा स्नायू कापून सैल करतात. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. आता तोंडातून दुर्बीण घालून, बाहेर काप न देता, हेच काम होतं. त्याला 'पोएम' म्हणतात.

दोन्हींमध्ये घास उतरतो, पण सैल झालेल्या व्हॉल्व्हमधून आम्ल वर येऊ शकतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत, दोन वर्षांनी पोएम झालेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्लामुळे दाह दिसला. हेलर पद्धतीत हे प्रमाण २९ टक्के होतं. यातल्या अनेकांना छातीत जळजळ जाणवतही नाही. त्यामुळे गोळी हवी की नको, हे त्रासावरून ठरवता येत नाही. एंडोस्कोपी करून ठरवावं लागतं.

३. ॲसिडिटीवरच उपाय म्हणून ऑपरेशन झालं असेल तर

यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून व्हॉल्व्ह घट्ट करतात. त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात. इथे उद्देशच गोळी सुटावी हा असतो, आणि अनेकांची ती सुटते. पण सगळ्यांची नाही. स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १७.७ टक्के लोकांचा त्रास परतला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा दीर्घकाळ औषध सुरू करावं लागलं.

म्हणून या गटातल्या रुग्णाने दोन प्रश्न विचारायला हवेत. त्रास खरंच परतला आहे, की जुन्या सवयीने पट्टी चालू आहे? आणि परतला असेल, तर व्हॉल्व्ह पुन्हा सैल झाला आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासणीतूनच मिळतं.

४. बाळाचं ऑपरेशन झालं असेल तर

काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच जोडलेली नसते. पहिल्या काही दिवसांत ती शस्त्रक्रियेने जोडतात. युरोप आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बाळांना साधारण पहिलं वर्ष आम्ल कमी करणारं औषध द्यावं, आणि पुढे गरज पाहून ठरवावं. बाळाचं वजन वाढतं, तसा डोस बदलतो. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर औषध देत राहू नये.

'पित्त' झालं, पण कोणतं?

आपण छातीत जळजळलं की 'पित्त झालं' म्हणतो. खरं तर ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. यकृतातून येणारं हिरवट-पिवळं, कडू पित्त वेगळं. अन्ननलिका काढलेल्या रुग्णाला मात्र हे खरं पित्तही वर येऊ शकतं, आणि पीपीआय त्याला थांबवू शकत नाही.

रात्री तोंडात कडू पाणी येत असेल, तर गोळ्या वाढवून उपयोग होत नाही. झोपण्याची पद्धत बदलावी लागते. नुसत्या दोन उशांनी मान वाकते, पोट दाबलं जातं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू ६ ते ८ इंच उचला. अन्ननलिका काढलेल्यांनी सर्जनने सांगितलं असेल, तर छातीपासून वरचा भाग आणखी उंच ठेवावा. जेवण थोडं-थोडं, पण जास्त वेळा घ्यावं. शेवटचं जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचं अंतर ठेवावं. सेकंड शिफ्टवरून रात्री उशिरा येऊन, पोटभर जेवून लगेच आडवं होणं या रुग्णांना महागात पडतं.

किडनी, हाडं, बी-१२: भीती किती खरी?

दुष्परिणाम आहेत, पण सगळे सारख्याच वजनाचे नाहीत.

किडनीला अचानक सूज येणं हा दुर्मीळ, पण खरा दुष्परिणाम आहे. २०१९ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या औषधांच्या माहितीपत्रकात किडनीच्या इजेचा उल्लेख करायला सांगितलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये हाडं मोडण्याचा, तर २०११ मध्ये मॅग्नेशियम कमी होण्याचा इशारा दिला.

दुसरी बाजूही बघा. हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींना पँटोप्राझोल, तर काहींना बिनऔषधाची गोळी दिली. सुमारे तीन वर्षांनी ठळक फरक दिसला तो आतड्यांच्या संसर्गात, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. किडनी किंवा हाडांबाबत फरक दिसला नाही. या चाचणीत ऑपरेशन झालेले रुग्ण नव्हते आणि काळही तीनच वर्षांचा होता, पण मेसेजमधली भीती किती ताणलेली असते, हे त्यातून कळतं. आतड्यांच्या संसर्गाची काळजी मात्र घ्यावी. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं.

अन्ननलिका काढलेल्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. त्यांचं खाणं कमी झालेलं असतं, जठराची रचना बदललेली असते, वर आम्लही कमी. त्यामुळे बी-१२ आणि लोह कमी पडण्याची शक्यता वाढते. सतत थकवा, हातापायांना मुंग्या, धाप अशी लक्षणं 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नयेत. रक्ताची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारावं.

पट्टीवर काय लिहिलंय, ते वाचा

मेडिकलमध्ये 'पॅन्टो' मागितल्यावर कधी नुसतं पँटोप्राझोल मिळतं, तर कधी त्यात डॉम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल. दोन्ही एक नाहीत. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. म्हणून २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ते कमी डोसमध्ये आणि कमीत कमी दिवस वापरायला सांगितलं. डॉक्टरांनी मुद्दाम दिलं नसेल, तर वर्षानुवर्षं घेण्याची ही गोळी नाही.

थायरॉइड, लोह किंवा रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ओमेप्राझोल आणि क्लोपिडोग्रेल एकत्र घेणं टाळावं, असं सांगितलं जातं. पैशांसाठी गोळी बुडवण्यापेक्षा जनऔषधी केंद्रात जेनेरिक पँटोप्राझोल आहे का, ते विचारा.

अचानक बंद केली तर?

डेन्मार्कमध्ये ॲसिडिटीचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना आठ आठवडे ही गोळी दिली आणि मग बंद केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नंतरच्या काही आठवड्यांत ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा आंबट ढेकरांचा त्रास झाला. खोटी गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ उसळून वर येतं.

याचा अर्थ गोळीचं व्यसन लागलं असा नाही. आणि मूळ आजार परतला, असाही नाही. ज्यांची गोळी बंद करता येण्यासारखी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस कमी करत न्यावा. मधल्या आठवड्यांसाठी साधं अँटासिड चालू शकतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

घास अडकणं, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण वजन घटणं, रात्री ठसका लागून जाग येणं, वारंवार न्यूमोनिया होणं. यातलं काहीही दिसलं, तर गोळी वाढवून बघू नका. तपासणी करून घ्या.

पुढच्या वेळी काय न्यायचं?

अन्ननलिकेच्या मोठ्या ऑपरेशनसाठी या भागातल्या अनेकांना परळचं टाटा किंवा केईएम गाठावं लागतं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, तरी बोईसरहून शंभरेक किलोमीटर जाऊन, नंबर लावून परत यायचं म्हणजे एक दिवस आणि एक खाडा गेलाच. फॉलो-अप सुटतो तो इथे.

पण वर्षातून एक फेरी तरी याच प्रश्नासाठी करावी. बरोबर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या घ्या. कार्डाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. तेवढं करूनही जाणं शक्य नसेल, तर जवळच्या फिजिशियनला तेच कागद दाखवा.

आणि चारच प्रश्न विचारा. माझं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय? ही गोळी कशासाठी चालू आहे? डोस कमी होऊ शकतो का? पुढची एंडोस्कोपी कधी? उत्तरं कार्डावरच लिहून घ्या. मेडिकलमध्ये पुढची पट्टी मागताना हातात ती असायला हवीत.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)