युरोप कुठे संपतो?

युरोप आणि आशिया ही दोन खंडे, असे आपण शाळेत पाठ केले. पण नकाशा उघडून पाहा. दोघांमधली जमीन सलग आहे. मग ही हद्द आली कुठून?

प्राचीन ग्रीकांनी एजियन समुद्राच्या पश्चिमेला युरोप म्हटले, पूर्वेला आशिया. उत्तरेकडे त्यांच्यापैकी अनेकांनी डॉन नदी ही सीमा मानली. या हिशेबाने डॉनपलीकडचा सारा रशियन मुलूख आशियात पडे. पीटर द ग्रेटच्या काळापासून रशियाला तर युरोपीय सत्ता म्हणून मान हवा होता. मग रशियन अधिकारी तातिश्चेव आणि रशियाच्या कैदेत राहिलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग यांनी उरल पर्वताची सीमा सुचवली. स्ट्रालेनबर्गच्या ग्रंथात ती १७३० मध्ये छापून आली आणि हळूहळू रूढ झाली. उरल पर्वत होता तिथेच राहिला. सरकली ती रेघ.

भूगर्भशास्त्र तर वेगळेच सांगते. युरोप आणि आशियाचा बराचसा भाग एकाच भूपट्टावर आहे. भारताचा भूपट्ट मात्र निराळा. तरी आपण आशियात आणि युरोप स्वतंत्र खंड! म्हणून नकाशातली रेघ पाठ करताना ती कोणी आणि कशासाठी आखली, हेही विचारायला हवे.