हुकमी हूक!

पिकअप ट्रकच्या बंपरखालून दोन लालभडक हूक डोकावतायत. शायनिंग? अर्धं बरोबर! पण माहीत आहे का, हा भडकपणा मोटारशर्यतींत चक्क सक्तीचा आहे? एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमपुस्तकात गाडी ओढायचा हूक ठळक दिसायला हवा आणि तो पिवळा, लाल किंवा केशरी रंगवायला हवा, असं लिहून ठेवलंय. चिखलात रुतलेल्या गाडीपाशी धावत आलेल्या मार्शलने हूक शोधत बसायचं नाही, नजर टाकायची आणि दोर अडकवायचा. म्हणजे इथे नटणं हीच ड्युटी!

जीपवाल्यांनी ही आयडिया बरोब्बर कॅश केली. त्यांच्या ‘ट्रेलहॉक’ मॉडेल्सची ओळखच लाल हूक. आणि माहीत आहे का, लाल हूकवाली कंपास ट्रेलहॉक आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनली? महागणपतीच्या गावातून निघालेली गाडी, विघ्नात सापडलीच तर बाहेर यायची सोय मागे लावलेली!

पुढे जीपच्याच रँग्लरची प्लग-इन हायब्रिड आली, तेव्हा हूक झाले निळे. गाडी करंटवर, हूकही करंट मारणारा.

आता थेट जपान! तिथल्या हौशी गाड्यांच्या मागच्या हूकला किंवा बंपरला काय लटकतं, ओळखा. लोकलमध्ये उभ्याने धरायची कडी! नाव ‘त्सुरिकावा’. बोसोझोकू नावाच्या बंडखोर टोळ्यांतली पोरं ट्रेनमधल्या कड्या ढापून गाडीला टांगायची: पाहा, आम्ही कुणाला घाबरत नाही. आज गुलाबी, चकाकत्या, बदामाच्या आकाराच्या त्सुरिकावा दुकानात रीतसर विकत मिळतात. बंडाचीही एमआरपी असते, मंडळी.

आपल्या ट्रकवाल्यांना यात नवल वाटायचं नाही. पुढच्या हूकला काळा गोंडा, शेजारी लिंबू-मिरची, खाली जुनी चप्पल. गाडी ओढायलाही तोच हूक आणि नजर उतरवायलाही तोच. टू इन वन!

अमेरिकेने मात्र कहर केला. तिथे पिकअपच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या हिचला बैलाच्या अंडकोषांची प्लॅस्टिकची प्रतिकृती टांगायची फॅशन आली. नाव ‘ट्रक नट्स’. हसू नका, प्रकरण विधिमंडळात गेलं! 2008 मध्ये फ्लोरिडाच्या सिनेटने यावर 60 डॉलर दंड ठेवायचा प्रस्ताव मंजूर केला. कायदा काही झाला नाही. बैल सुटला.

बरं, हे टोचनशास्त्र सुरू कुणी केलं? टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्सने. ओढ्यात पडलेली एक फोर्ड मॉडेल टी बाहेर काढताना अर्धा डझन माणसं, दोर आणि कप्प्या लावूनही त्याचा घाम निघाला. गॅरेजवाला माणूस, गप्प कसा बसेल? 1916 मध्ये त्याने 1913 च्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी चढवली, आणि जगाला टोइंग ट्रक मिळाला. चॅटनूगात आज टोचनचं म्युझियम आहे, हॉल ऑफ फेमसकट!

आता खरेदी. इथे जरा ब्रेक दाबतो, कारण चुकीचा हूक नुसता वाईट दिसत नाही, जीव घेतो.

रंग नंतर बघा, आधी खाली वाका. हूक कशाला बोल्ट केलाय? चासीला असेल तर शाब्बास. बंपरच्या पत्र्याला असेल तर तो हूक नाही, दागिना आहे. रुतलेली गाडी ओढताना चिखल तिला धरून ठेवतो, त्यामुळे दोरावर नेहमीच्या टोचनपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. नायलॉनचा कायनेटिक दोर तर सुमारे 30 टक्के ताणला जातो, मग ती साठलेली ताकद एका झटक्यात गाडीला देतो. बोल्ट कच्चा असला तर? तोच हूक गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि समोर असते मदतीला आलेल्या माणसाची काच.

म्हणूनच ट्रेलर जोडायचा तो गोल, क्रोमचा बॉल दिसला म्हणून त्याला दोर अडकवू नका. कधीच नाही! तो ट्रेलर ओढायला बनवलाय, झटके खायला नाही. बॉल तुटून उडाला आणि माणसं दगावली, असं परदेशात घडलंय.

तोंड उघडा हूक घ्यावा की बंद शॅकल? उघड्या हुकात पट्टा झटकन बसतो, पण सैल पडला की तितक्याच झटकन निसटतो, त्यामुळे त्याला स्प्रिंगची जीभ हवी. ‘डी’ आकाराच्या शॅकलमध्ये पट्टा पिनेमागे कैद. माझं मत शॅकलला. दिसतोही रुबाबदार!

गुलाबी, पोपटी, जांभळा, केशरी... पावडर कोटिंगमध्ये शॅकल हवा त्या रंगात मिळतो. पण माहीत आहे का, त्यावरचं सगळ्यात देखणं नक्षीकाम म्हणजे एक आकडा? पाऊण इंची शॅकलवर साधारण 4.75 टन कोरलेलं असतं. ही सुरक्षित कामाची मर्यादा. तुटायचा आकडा याच्या कित्येक पट पुढे ठेवलेला असतो. आकडाच नसलेला शॅकल गळ्यात घाला, गाडीला नको.

गाडी चालताना शॅकल खडखडतो? रबरी वॉशर लावा. आवाज बंद, रंगाचे टवके उडणं बंद, आणि काळ्यावर लाल असं कॉम्बिनेशन फुकटात!

पिन हाताने घट्ट पिळा आणि मग पाव फेरा उलटी सोडा. ताणाखाली ती अडकून बसत नाही. नाहीतर गाडी निघते, पिन निघत नाही.

लोखंड नकोच? मग सॉफ्ट शॅकल. दिसायला नाडी, पण धागा डायनीमा जातीचा. वजनाला वजन लावलं तर पोलादाला भारी, आणि पाण्यावर तरंगतो! याच धाग्याची बुलेटप्रूफ जाकिटंही बनतात. फक्त धारदार कडा आणि उष्णता यांच्यापासून जपा.

भारतात एक पथ्य: हूक शोभून दिसावेत म्हणून पुढे जाडजूड बुलबार चढवू नका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने त्यावर कारवाईचे आदेश काढले. बुलबारमुळे धडकेचा जोर थेट चासीवर जातो, एअरबॅगचं गणितही बिघडतं, आणि पादचाऱ्याला मार जास्त.

ओढण्यातले पराक्रम हवेत? घ्या! 2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून ‘एंडेव्हर’ हे स्पेस शटल म्युझियमकडे निघालं होतं. एका पुलाला जड वाहतूकयंत्राचं वजन झेपणार नव्हतं, म्हणून शटल हलक्या डॉलीवर चढवलं आणि पुढे जुंपली चक्क एक टोयोटा टुंड्रा पिकअप. अवकाश फिरून आलेलं यान, आणि पूल पार करायला टोचन!

2017 मध्ये पॅरिसच्या विमानतळावर पोर्शे कायेनने एअर फ्रान्सचं एअरबस ए-380 ओढलं. 285 टन, 42 मीटर. त्याआधी 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्लिफ्टनला एका मॅक ट्रकने 112 ट्रेलरची माळ हलवली होती. लांबी जवळपास दीड किलोमीटर! रिव्हर्स घ्यायला कुणी सांगितलं नाही, हे नशीब.

आणि इंजिनच नसेल तर? केविन फास्ट या कॅनडातल्या पाद्रीबाबांनी 2009 मध्ये 188.83 टनांचं लष्करी मालवाहू विमान स्वतःच्या अंगाने 8.8 मीटर ओढलं! अर्थात खंडोबाच्या यात्रेत माणसांनी भरलेल्या बारागाड्या ओढणारा भगत पाहिलेल्यांची हे ऐकून फार तर भुवई उंचावेल.

आता सगळ्यात मजेदार आयटम. बाजारात चिकटवायचे हूक मिळतात. प्लॅस्टिकचे! मागे डबल टेप, पुढे रेसिंगचा थाट. दिसतं तसं नसतं, म्हणूनच चिकटवलेलं फसतं. लावायचाच असेल तर खुशाल लावा, पण ओढायला येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो हूक घेऊन जाईल आणि गाडी तिथेच!

खऱ्यातही गंमत आहे. नव्या गाडीखाली वाकून पाहिलंत आणि कडी दिसली, तर लगेच दोर बांधू नका. काही कड्या गाडी ओढायला नसतातच. जहाजातून जाताना गाडी डेकला जखडून ठेवायला त्या दिलेल्या असतात. मॅन्युअल उघडा, कुठली कशाची ते त्यात छापलेलं असतं.

छोट्या गाडीवाल्यांनो, तुम्ही का हिरमुसताय? तुमचाही हूक आहे! डिकीत स्टेपनी आणि जॅकच्या शेजारी बघा, एक जाडजूड आटेदार कडी पडलेली असेल. बंपरवरचं ते छोटं चौकोनी झाकण काढा, आणि आत पिळा. शिरत नाही? जोर लावू नका! फोक्सवॅगनसारख्या काही गाड्यांत आटे उलटे असतात. डावीकडे फिरवा.