अर्क म्हणजे काय रे भाऊ?

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे 'एक्स्ट्रॅक्ट' हा शब्द लहानपणापासून माहीत, पण 'अर्क' मात्र फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला. "ही पोरगी म्हणजे नुसता अर्क आहे!" थर्ड इयरला मास ट्रान्सफर शिकताना कळलं की आजी नकळत सॉलिड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शनबद्दल बोलत होती!

तर मंडळी, आजचा विषय आहे दारूत फळं, सालं, मुळं भिजवून अर्क कसा उतरवतात. (रेक्टर सर, पान उलटू नका. शेवटी तुमच्याच फायद्याचं लिहिलंय.)

अर्क आपण सगळेच रोज काढतो. कॅन्टीनचा चहा म्हणजे पत्तीचा पाण्यात उतरलेला अर्क. आईची फोडणी म्हणजे मोहरी, हिंग, कढीपत्त्याचा तेलात उतरलेला अर्क. पाण्यात साखर, टॅनिन अशा गोष्टी विरघळतात, तर तेलात सुगंधी तेलं. अल्कोहोल मात्र दोन्ही पक्षांत! इथेनॉलच्या रेणूचं एक टोक ओएच, त्याला पाणी आवडतं. दुसरं टोक हायड्रोकार्बन, त्याचं तेलाशी जमतं. म्हणून वास, चव आणि रंग तिन्ही ओढून घ्यायला ते इतकं सोयीचं.

हे जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. गोव्यात अनंतमुळाची मुळं फेणीत घालून 'दुकशिरी' करतात. फ्रान्समध्ये कार्थुसियन पंथाचे साधू १३० वनस्पती वापरून 'शार्त्रूज' बनवतात आणि कृती गुप्त ठेवतात. (आमच्या सिस्टर्सनी हा धडा गाळला होता!) केकमधला खरा व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टही असाच बनतो. अमेरिकेच्या नियमानुसार त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं.

सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे इटलीचं लिमोन्चेलो. सोरेंतो, अमाल्फी, काप्री या भागात ते घरोघरी होतं. तिथल्या किराणा दुकानात ९५ टक्क्यांच्या आसपासचं खाण्यायोग्य शुद्ध अल्कोहोल सरळ मिळतं. त्यात लिंबाची सालं घालून बरणी अंधारात ठेवायची, काही दिवसांनी गाळून साखरेचा पाक मिसळायचा, की झालं. पण प्रत्येक पायरीमागे आपला सिलॅबस आहे.

फक्त पिवळी सालच का? कारण लिमोनिन असलेलं सुगंधी तेल तिथल्या बारीक पिशव्यांत असतं. खालचा पांढरा भाग गेला तर कडूपणा उतरतो. साल पातळ का सोलायची? फिकचा नियम! जाडी कमी आणि पृष्ठभाग जास्त, म्हणजे डिफ्युजन लवकर. हळूहळू द्रव पिवळा होतो आणि सालं फिकट पडून कडक होतात, कारण अल्कोहोल त्यांच्यातलं पाणीही ओढून घेतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्होडकात हे तितकं जमत नाही. अर्ध्याहून जास्त पाणीच, मग तेल उतरणार कुठे? आणि १०० टक्के का नाही? साध्या डिस्टिलेशनने ९५-९६ च्या पुढे जाताच येत नाही, अझिओट्रोप आडवा येतो. (वायव्हाला हमखास विचारतात, लिहून ठेवा.)

आता मास बॅलन्स. ९५ टक्क्यांचं १ लिटर अल्कोहोल अधिक २ लिटर पाक. ९५० मिली भागिले ३००० मिली, म्हणजे साधारण ३२ टक्के. मिसळताना आकारमान थोडं आकसतं, ते इथे सोडून दिलंय.

खरी गंमत पाक ओतताना होते. दोन्ही द्रव पारदर्शक, पण एकत्र येताच दुधाळ! पाणी वाढलं की तेलाला विरघळून राहता येत नाही, आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब आपोआप बनून प्रकाश विखुरतात. ग्रीसच्या ऊझो या पेयात पाणी घातलं की हेच होतं, म्हणून २००३ मध्ये विताले आणि कॅट्झ यांनी याला 'ऊझो इफेक्ट' नाव दिलं. २०१८ मध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी चक्क न्यूट्रॉनचा मारा करून लिमोन्चेलोतले थेंब मोजले. त्रिज्या सुमारे १०० नॅनोमीटर!

आता महत्त्वाचं. या सगळ्यात अल्कोहोल कुठेही *तयार* होत नाही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत धायटीची फुलं घालून आंबवतात, तिथे ते आतच बनतं. इथे मात्र जे बरणीत घातलं तेच पोटात जाणार. साल त्याला शुद्ध करत नाही, फक्त त्याचा वास झाकते.

आणि म्हणूनच हॉस्टेलवरच्या काही थिअरीज फार धोक्याच्या आहेत. 'लॅबमधलं स्पिरिट पण अल्कोहोलच ना?' नाही! डिनेचर्ड स्पिरिट पिऊ नये म्हणूनच त्यात मुद्दाम विषारी किंवा घाण चवीचे पदार्थ मिसळतात. अनेकदा त्यात मिथेनॉल असतं. 'पेटवून बघ, निळी ज्योत आली की शुद्ध.' चूक! मिथेनॉलही निळसरच जळतं. वासावरूनही भरवसा ठेवता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अॅसिड होतं. ते डोळ्यांच्या नसेवर जातं. याला वेळ लागतो, म्हणून पहिले बारा-चोवीस तास माणूस ठीक वाटू शकतो. नंतर उलट्या, पोटदुखी, धाप, आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं. यावर हॉस्पिटलमध्ये उतारा आहे, पण वेळेत पोचलं तरच.

कायद्याचंही सांगते. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय २५ लागतं. मी २० ची, तुम्हीही बहुतेक तेवढेच. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारूला नुसता स्वाद किंवा रंग देणंही 'तयार करणं' धरलं जातं, म्हणजे लायसन्स हवं. केमिकलवाले म्हणतील काहीच तयार झालं नाही, पण कोर्ट मास ट्रान्सफर शिकलेलं नसतं!

तेव्हा बरणी इटलीतच राहू दे, सायन्स आपण घेऊ. आणि कधी कुणी रूममेट भलतंच काही प्यायला आणि सकाळी धूसर दिसतंय म्हणाला, तर 'हँगओव्हर असेल' म्हणून झोपवू नका, लपवू नका. लगेच हॉस्पिटलमध्ये न्या, आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगा. बाटली असेल तर तीही न्या. रेक्टर सरांचा ओरडा दहा मिनिटांचा असतो, डोळे जन्मभरासाठी लागतात.