अंकीय रोखे आणि लहान उद्योगांचे भांडवल

मोठी कंपनी शेअर व कर्जरोखे विकून लोकांकडून भांडवल उभारते. लहान कारखानदारास हा मार्ग सहसा परवडत नाही. कारण माहितीपत्रक, कायदेशीर सल्ला, दलाली आणि धारकांची नोंदवही यांचा खर्च, रक्कम लहान म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. बँकेकडे जावे, तर तारण मागितले जाते. या अडचणीवर काही देशांत जो नवा उपाय योजून पाहण्यात आला आहे, त्यास 'सिक्युरिटी टोकन', म्हणजेच अंकीय रोखा, असे म्हणतात.

रोखा हा मुळात एक हक्क होय. कागद हा त्याचा केवळ पुरावा. भारतात १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर कागदाची जागा संगणकातील नोंदीने घेतली. ही नोंद डिपॉझिटरी या मध्यवर्ती संस्थेकडे असते. टोकनाची नोंद मात्र 'ब्लॉकचेन' नावाच्या वहीत होते. या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात, आणि प्रत्येक पानावर मागील पानावरून गणिताने काढलेली खूण असते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलू गेल्यास पुढील सर्व खुणा चुकतात व लबाडी उघड होते. हस्तांतर व व्याजवाटप यांचे नियमही संगणकाच्या आज्ञावलीत घालता येतात. खर्च अशा रीतीने घटला, म्हणजे अगदी लहान रकमेचे रोखेही विकणे शक्य होते.

जर्मनीतील एक उदाहरण बोधप्रद आहे. लहान व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या बर्लिनच्या 'बिटबाँड' संस्थेने २०१९ साली, सरकारी पर्यवेक्षकाने माहितीपत्रक संमत केल्यावर, प्रत्येकी एक युरोची टोकने विक्रीस काढली. त्यांची मुदत दहा वर्षे व मूळ व्याज द.सा.द.शे. ४ असे होते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. २०१६ साली 'द डाओ' या सामुदायिक निधीने टोकने विकून सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे 'ईथर' हे आभासी चलन जमविले. त्याच वर्षी जूनमध्ये आज्ञावलीतील उणिवेचा फायदा घेऊन कोणी त्यातील सुमारे ३६ लाख ईथर वळते केले. पुढे जुलै २०१७ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने, ही टोकने म्हणजे रोखेच होत, असा निर्वाळा दिला. त्याचा आधार होता फ्लॉरिडातील संत्र्यांच्या बागांविषयीचा १९४६ चा एक न्यायनिर्णय. दुसऱ्याच्या श्रमातून नफा मिळावा या अपेक्षेने समाईक उद्योगात पैसा गुंतविला, की तो व्यवहार रोख्याचाच ठरतो. मग त्याचे बाह्य रूप कोणतेही असो.

सारांश, टोकन नोंदीचा खर्च कमी करू शकते; परंतु उद्योग सचोटीने चालेल किंवा रोखा हवा तेव्हा विकला जाईल, याची हमी ते देऊ शकत नाही. वही कितीही निर्दोष असली, तरी तीत नोंदलेल्या हक्काचे मोल उद्योगाच्या कर्तबगारीवरच ठरते. म्हणून टोकन घेणाऱ्याने प्रथम उद्योगाचे माहितीपत्रक व हिशेब तपासावेत, हेच श्रेयस्कर.